लाल मिशीखालचा अंगठा

जुन्या एक्सप्रेसला तिचा मूळ रंग द्यायचे ठरले, तेव्हा निवृत्त झालो असतानाही रेल्वे कारखान्याने मला घरून बोलावून घेतले. सायीच्या रंगाचा डबा, खिडक्यांवरून लाल पट्टा आणि गाडीच्या तोंडावर दोन लाल मिशा, म्हणजे दोन्ही बाजूंना मिशीसारखे ओढलेले पट्टे. त्या मिशा हाताने ओढणारे आता फारसे उरले नाहीत. निघताना तोमिएने, माझ्या बायकोने, भाताचे गोळे बांधून दिले.

"गाडी निघेल तेव्हा येशील ना फाटकापाशी?" मी विचारले.

"येईन की. त्या रंगाची गाडी बघून जन्म लोटला," ती म्हणाली आणि बाहेरच्या बर्फाकडे बघत राहिली.

ते बघणे माझ्या ओळखीचे होते. तोमिएचे लग्न आधी कुवाबाराशी ठरले होते. तो आणि मी एकाच शेडमधले रंगारी. त्याच्या हातच्या मिशा बघायला लोक फाटकावर उभे राहत, तीही राहायची. लग्नाआधीच तो छातीच्या दुखण्याने गेला. मग ती माझ्या घरी आली. तिने त्याचे नाव कधी काढले नाही. काढले असते, तर भांडता तरी आले असते.

मूळ छटा सापडावी म्हणून डब्याचा एक कोपरा घासावा लागतो. एकाखाली एक थर उघडत जातात. त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. शेडच्या पत्र्यावरून बर्फ घसरल्याचा आवाज तेवढा येत होता. मी शिडीवर चढून मिशीच्या टोकाशी घासत होतो. निळा गेला, हिरवा गेला, लाल लागला आणि माझा हात थांबला.

लाल थरात अंगठा उमटला होता. मधोमध आडवी चीर.

आम्हा रंगाऱ्यांची तशी रीतच होती. शेवटचा हात द्यायच्या आधी ओल्या रंगात अंगठा दाबायचा. वरून रंग चढला की कुणाला दिसत नसे. कुवाबाराचा अंगठा पत्र्याने असाच कापला होता.

मेल्यावरही हा इथे आहेच, असे वाटले. मी घासायचा कागद दाबून धरला आणि पत्रा लागेपर्यंत घासत राहिलो.

तेवढ्यात कापराचा वास आला. कुवाबारा छातीला कापराचे फडके बांधायचा...

"काका," दारातून मुकादम नागुमोने हाक मारली. "शिडीवर अजून कोण आहे?"

"कोणी नाही..."

"मग खोकलं कोण?"

मी शिडीवरून खाली उतरलो. मिशी रंगवायच्या दिवशी त्याच जागी ओल्या रंगात माझा अंगठा दाबला आणि वरून शेवटचा हात ओढला.

गाडी निघाली त्या सकाळी धुके होते. तोमिए माझ्या शेजारी पांढरा मफलर गुंडाळून उभी होती. धुक्यातून आधी त्या लाल मिशा आल्या, मग गाडी. ती हसली.

"डावी मिशी झुकलीये. तुमचा हात ओळखला मी."

"माझा?"

"तेव्हाही झुकायची. तुमच्याच गाड्या बघायला यायची मी, येड्या माणसा. घरच्यांनी तिकडे ठरवलं, मी काय बोलणार?"

आयुष्यभराचे ओझे उतरले. तिचा हात धरायला वळलो, तर गाडीच्या मागून कापराचा दाट वास आला. आमच्या जवळ आला... आणि थांबला.

"अहो, मानेला काही गार लागलं," तोमिए म्हणाली.

तिच्या मफलरवर लाल अंगठा उमटला होता. ओला. मधोमध आडवी चीर. गाडीचा रंग तर केव्हाच वाळला होता.

मफलर धुतला, उन्हात घातला. डाग अजून ओलाच आहे. आज सकाळी तोमिए खोकत उठून बसली. हातात पांढऱ्या फडक्याची लहानशी पुरचुंडी होती.

"कापूर तुम्हीच ठेवलात ना उशाशी?" ती म्हणाली. "छातीला बरं वाटतंय हो..."

आमच्या घरात कापूर कधीच नव्हता.