अर्धी ओवी

तुम्ही कधी रिकामं जातं फिरताना ऐकलंय का? भरल्या जात्याचा आवाज जाड असतो, पोटभर जेवून बोलणाऱ्या माणसासारखा. रिकाम्या जात्यात दगडाला दगड घासतो आणि ऐकणाऱ्याच्या दाढेत कळ जाते. म्हणून आपल्याकडं रिकामं जातं कुणी फिरवत नाही, आणि पोरांनी फिरवलंच तर पाठीत धपाटा बसतो. झरीच्या राजेश्रीनं तो आवाज ऐकला, आणि तोही सेलूला, चित्रांच्या प्रदर्शनात. जरा सरकून बसा, म्हणजे नीट सांगता येईल.

राजेश्रीची लेक अर्पिता संभाजीनगरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, निकितानं, मिळून प्रदर्शन मांडायचं ठरवलं. मोठ्या शहरातला हॉल त्यांना कुणी दिला नसता हे खरं, पण अर्पिताचं म्हणणं वेगळंच होतं. ज्या बायांवर काम केलं त्या बायांना येता आलं पाहिजे, नाहीतर कुणासाठी मांडायचं? राजेश्रीच्या माहेरच्या नात्यातले सूर्यभानकाका सेलूला राहायचे. त्यांची कापसाची जुनी वखार रिकामी पडली होती. पोरींनी ती झाडून काढली, भिंतींना चुना दिला. काका दारात खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगू लागले, की माझ्या वखारीत आजवर लय माल आला, पण काट्यावर घालता येत न्हाई असा ह्यो पहिलाच.

एका भिंतीवर निकितानं चिंध्यांतून शिवलेले कपडे टांगले होते. बाया ते उलटून आतली शिवण बघायच्या आणि आपल्या मापाचं करून देशील का म्हणून विचारायच्या. दुसऱ्या बाजूला अर्पितानं काढलेले हात होते, नुसते हात. खुरपं धरलेले, मोळी बांधणारे, लेकराचं नाक पुसणारे. आणि मधोमध गोणपाटावर ठेवलं होतं एक जातं. त्याच्यामागं टोपल्यात लहानसा स्पीकर लपवलेला, आणि त्यातून कडूबाईंच्या ओव्या ऐकू यायच्या.

त्या जात्यासाठी अर्पितानं किती खेटे घातले असतील. कडूबाई राजेश्रीच्या शेजारच्या, झरीतल्या. त्यांच्या पलीकडच्या घरात चांगुणाबाई राहायची. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या, आणि तेव्हापासून एकाच जात्यावर बसल्या. गिरणी आली, बाकीच्यांची जाती अंगणात पडली, पण या दोघींचं डाळीचं, लग्नातल्या हळदीचं दळण सुटलं नाही. मग एका साली चांगुणाबाई लेकासोबत ऊसतोडीला गेली. तोडायला नाही, फडावरच्या पाचटाच्या कोपीत नातवंडं सांभाळायला. तिकडंच ताप भरला, तिकडंच गेली, आणि तिकडंच फडाच्या कडेला तिला अग्नी दिला. गावात निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. कडूबाईंना तिचं तोंड बघायला मिळालं नाही. त्या रडल्या नाहीत, पण जात्यावर पोतं टाकलं आणि गाणं बंद केलं.

अर्पितासाठी म्हणून त्यांनी ते पोतं काढलं. पोरीनं शब्द दिला होता, "आजी, तुमी जसं गाताल तसंच लोकांना ऐकवीन." कडूबाई मोबाइलसमोर बसल्या, गायल्या, आणि उठताना म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी येते. मला बी ऐकायचंय." एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी पदर सावरला तो लेकीच्या बोलणीला निघालेल्या बाईसारखा. अर्पिता आईला म्हणाली होती, "बाकी कुणी आलं न्हाई तरी चालंल मला. कडूआजीला आवडलं पायजे."

तर प्रदर्शनाच्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. राजेश्री डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा घेऊन सेलूला आली. पोरींना जेवू घालावं, जरा राखणीला बसावं, संध्याकाळी परत जावं, एवढंच तिच्या मनात होतं. वखारीत शिरताच तिला ताज्या पिठाचा वास आला. गिरणीतून नुकतंच आणलेलं ऊन पीठ डब्यात ओतताना येतो तसा. जात्याच्या कडेला पांढरी रेघ दिसली. टेम्पोत हादरून जुनं पीठ खाली आलं असेल म्हणून तिनं ती पदरानं पुसली.

दुपारी माणसं येऊन गेली. एक म्हातारे शिक्षक हातांच्या चित्रांपुढं बराच वेळ उभे राहिले आणि डोळे पुसून निघून गेले. राजेश्री ओव्या ऐकत बसली. आवाज कडूबाईंचाच, शब्दही त्यांचेच, तरी काहीतरी खटकत होतं. घरात कुणीतरी आजारी असावं आणि बाकीच्यांनी ते लपवावं, तसं. तिनं फार विचार केला नाही.

दिवेलागण झाली. काका देवाला दिवा लावायला घरी गेले. अर्पिता आणि निकिता कडूबाईंसाठी शाल आणि नारळ आणायला बाजारात गेल्या. "आई, कुणी आलं तर दाखव, न्हाई तर दार ओढून घे," असं सांगून. राजेश्री एकटी राहिली. थंडीचे दिवस, अंधार लवकर उतरायला लागला होता. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा आत येत होता, तो भिंतीवरच्या हातांवरून हळूहळू वर सरकला आणि विझला. कुठंतरी दूर रेल्वेनं शिटी दिली.

तेवढ्यात लाइट गेली.

स्पीकर बंद पडला. कडूबाईंची ओवी अर्ध्यात तुटली. राजेश्री मोबाइल शोधायला पिशवीत हात घालून बसली होती, तेव्हा तिला ते ऐकू आलं.

घर्र...

आणि थांबलं.

तिला वाटलं बाहेरून गाडी गेली. तिनं कान दिला. पुन्हा तेच. घर्र... आणि थांबलं. दगडावर दगड. तिच्या दाढेत कळ गेली.

मोबाइलचा उजेड तिनं आधी जमिनीवर टाकला आणि मग हळूहळू पुढं नेला. गोणपाट. जात्याची कड. जात्याचा खुंटा. दुपारी तो दाराकडं होता, एका पोराला रागावून तिनंच तो तिकडं वळवून ठेवला होता. आता तो भिंतीकडं होता. तिच्या डोळ्यांदेखत तो भिंतीकडून दाराकडं आला, अर्धा फेरा, सावकाश, आणि तिथं थांबला.

पळून जावं असं तिला वाटलं, खोटं कशाला बोला. पाय उचललाही होता. पण ते थांबणं तिला ओळखीचं वाटलं. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक खुंटा अर्ध्यापर्यंत ओढून आणते, तिथून दुसरी पुढं नेते. एकटी बाई दळते तेव्हा जातं असं अर्ध्यात थांबत नाही. हे थांबत होतं... कुणाचा तरी हात येईल म्हणून.

लाइट आली. स्पीकर सुरू झाला. कडूबाईंची एक ओळ, तिला चिकटून दुसरी, तिला चिकटून तिसरी. आणि आता राजेश्रीला त्या ओळींच्या फटीत एक बारीक आवाज ऐकू आला. कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि पुढच्यानं बोलूच देऊ नये, तसा. "द..." एवढंच यायचं, की कडूबाईंची पुढची ओळ त्यावर पडायची. पुन्हा "द...". पुन्हा ओळ पडायची.

राजेश्रीनं धावत जाऊन स्पीकरची पिन काढली आणि ती दारात येऊन उभी राहिली.

तिथं उभ्या उभ्या तिला आठवलं. नवी नवरी म्हणून ती झरीला आली तेव्हा भिंतीपलीकडच्या जात्यानं तिला पहाटे जाग यायची. माहेरच्या आठवणीनं उशी ओली झालेली असायची, आणि पलीकडून कडूबाई विचारायच्या:

झरीच्या गं वाटेवरी, गाडी कुणाची जोरात

आणि चांगुणाबाई लगेच उत्तर द्यायची:

कारभारी तुझा घोरं, बैल शिरले दारात

मग दोघी हसायच्या, आणि इकडं राजेश्रीला रडताना हसू फुटायचं. कडूबाई नुसतं विचारायच्या. उत्तर चांगुणाबाईचं असायचं, रोज नवं, ऐन वेळी सुचलेलं. कडूबाईंनी दुसरी ओळ कधी गायलीच नव्हती.

पोरी परत आल्या तेव्हा राजेश्री पायरीवर बसली होती. निकिताला तिनं घरी काकांकडं चहाला पाठवलं आणि लेकीला जवळ बसवून घेतलं.

"अर्पिता, कडूआजी गाताना मधी थांबत व्हत्या का गं?"

"थांबायच्या की. लय थांबायच्या." अर्पितानं शालीची घडी मांडीवर ठेवली. "मला वाटलं दम लागतोय, न्हाई तर इसरायलेत. लोकांना कंटाळा येईल म्हणून ते मधलं मी काढून टाकलं. कामून?"

राजेश्रीनं सांगितलं. खुंट्याचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. अर्पिता हसली नाही. तिचा चेहरा उतरला तो भीतीनं नव्हे.

"म्हणजे चांगुणाआजीची जागाच मी कापली," ती म्हणाली. "आणि उद्या कडूआजी येणार हायत..."

"कापलेलं सापडंल का?"

"मूळचं हाय माझ्याकडं."

दोघी आत गेल्या. राजेश्रीनं तिचा हात धरला होता, कोण कुणाला धीर देत होतं, देव जाणे. अर्पितानं लॅपटॉप उघडला, मूळचं गाणं काढलं, स्पीकरला जोडलं. मग आपणहून वरची लाइट बंद केली. का केली ते तिलाही सांगता आलं नाही. दिव्याखाली कुणी आपल्याकडं टक लावून बसलं की गाता येत नाही, असं काहीसं ती पुढं म्हणाली.

अंधारात कडूबाईंचा आवाज आला, सावकाश, म्हातारा, थोडा कापरा:

पहाटंच्या पारी सई, दारी कुणाची चाहूल

आणि थांबला.

वखारीत काहीच हललं नाही. स्पीकरमधून नुसतं झरीतलं अंगण ऐकू येत होतं, लांब कुठंतरी शेळी ओरडली तेवढं. आणि मग जातं फिरलं. या वेळी अर्धं नाही, पुरतं. दाढेतही कळ गेली नाही, कारण आवाज जाड होता, भरल्या जात्याचा. पिठाचा वास एकदम दाटून आला. आणि जात्याच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूनं, स्पीकर नव्हता तिथून...

दळण राह्यलं अर्धं, माझं अडलं पाऊल

अर्पिताची नखं राजेश्रीच्या मनगटात रुतली. राजेश्री बोलली. मोठ्या जावेशी बोलावं तशी, अदबीनं.

"चांगुणाबाई... सकाळी यायल्यात त्या. तेवढं थांबा."

जातं थांबलं.

दोघी पाठ न वळवता बाहेर आल्या, कुलूप लावलं, आणि काकांच्या घरी जाऊन निकिताच्या दोन्ही अंगांना झोपल्या. निकितानं विचारलं तेव्हा थंडी वाजायलीय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई आल्या. आदल्या रात्री त्या देवगाव फाट्याला लेकीकडं मुक्कामी होत्या, तिथून जीपनं आल्या. हातात ज्वारीची लहान पिशवी होती, गाठ मारलेली. जात्याला घास घातल्याशिवाय बसायचं नसतं म्हणून आणलेली. शाल-नारळाकडं त्यांनी बघितलंही नाही. जात्याच्या अलीकडच्या बाजूला त्या मांडी घालून बसल्या, खुंट्यावर नुसता हात ठेवला आणि अर्पिताला मानेनं खूण केली. अर्पितानं मूळचं गाणं लावलं. दारात काका, निकिता, बाजाराला आलेल्या दोन-चार बाया, सगळे उभे होते. कडूबाईंची ओळ यायची आणि मग नुसती शांतता. त्या शांततेत कुणालाही काही ऐकू आलं नाही, राजेश्रीलाही नाही. कडूबाई मात्र दर शांततेत समोर बघत होत्या. एकदा हसल्या. एकदा "लबाड" म्हणाल्या. शेवटच्या ओळीनंतरची शांतता लांबली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"झालं बाई दळण," त्या समोर बघून म्हणाल्या, पूर्वी रोज दळण उरकल्यावर म्हणायच्या तशा. "जा आता. पोरं वाट बघत असतील."

त्या उठल्या तेव्हा जात्याभोवती ज्वारीचं पीठ साचलेलं होतं, दोघींच्या भाकरीपुरतं. त्यांनी आणलेल्या पिशवीची गाठ सुटलेली नव्हती. राजेश्रीनं पीठ सुपात भरून घेतलं. भरता भरता तिचा हात पलीकडच्या गोणपाटावर टेकला. तिकडच्या बाजूला सकाळपासून कुणी बसलं नव्हतं, तरी ते बसल्यासारखं दबलेलं होतं आणि हाताला ऊन-ऊन लागत होतं.