झऱ्यावरची लाल जास्वंद

शनिवारची दुपार ही फुआतिनोची छाटणीची दुपार. रविवारी अख्खं गाव चर्चला जाताना तिच्या कुंपणाकडे बघत जाणार, म्हणून ती आदल्या दिवशी कात्री घेऊन बाहेर पडायची. पिवळी जास्वंद, गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची केशरी. सगळ्यांची वाळकी टोकं काढायची, आत गुंतलेल्या फांद्या कापायच्या, बुंध्याशी नारळाची सोडणं पसरायची. ते आटोपलं की मग शेवटी झऱ्याकडे.

झऱ्याकाठी तिची लाल जास्वंद होती. सावाई बेटावरच्या त्या गावात ती जागा कुणी लागवडीला धरत नसे. लाल फूल ‘तिचं’. ‘ती’ कोण, हे उघड बोलायची रीत नव्हती. झऱ्याची बाई, एवढंच. तरण्या पोरींनी तिन्हीसांजेला तिथे केस सोडायचे नाहीत, लाल फूल तर माळायचंच नाही. पण फुआतिनो पडली पलीकडच्या बेटावरची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या झाडाची पेन्सिलीएवढी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पाणी जवळ म्हणून तिने ती झऱ्याकाठी खोचली. नणंद इलिसाने तेव्हाच कपाळाला हात लावला होता. "वहिनी, गावभर जमीन पडलीय, तुला हीच जागा सापडली?"

त्याला तीस वर्षं झाली. झाड पुरुषभर वाढलं, वाईट काही झालं नाही.

त्या शनिवारी मात्र झाडावर पिठ्या ढेकूण दिसला. शेंड्याशेंड्यावर पांढरा कापूस, मुंगळ्यांच्या रांगा, कळ्यांचा खाली सडा. साबणाच्या पाण्याने भागण्यासारखं नव्हतं. तिने गुडघ्याएवढा बुंधा ठेवून सगळं छाटलं. प्रत्येक काप फुटव्याच्या डोळ्याच्या वर आणि तिरका, पाणी साचू नये म्हणून. कापलेल्या फांद्या तिथल्या तिथे जाळल्या. झाडावर एक पान उरलं नाही.

आणि संध्याकाळी तिची लेक लानुओला झऱ्यावर आंघोळ करून आली ती कानामागे लाल फूल खोचून.

"कुठनं आणलंस गं?"

"आपल्याच झाडाचं की."

"झाडाचं?"

"हो... वरच्या फांदीला होतं."

वरच्या फांदीची राख अजून गरम होती.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. तोडा, नका तोडू, संध्याकाळी ते मिटायचंच. हे फूल रात्रभर उघडं राहिलं. सकाळी पाकळ्यांवर दव होतं, घरात असून. लानुओला तापाने फणफणली होती. छताकडे डोळे लावून पडलेली. फुलाला कुणी हात लावायला गेलं की दात विचकायची.

सोमवारी दुपारी औषधपाला देणारी सोलिना आजी आली. तिने पानांचा रस पोरीच्या कपाळाला चोळला आणि कानाशी वाकून विचारलं, "कोण आलंय?"

लानुओलाचे ओठ हलले नाहीत. आवाज मात्र आला, पाण्याखालून यावा तसा. "माझं झाड... कापलं. हिला नेणार... आज तिन्हीसांजेला..."

इलिसाने रडत रडत पेटीतली बारीक विणीची चटई काढली. "वहिनी, ही डोक्यावर घे. झऱ्यापुढे खाली मान घालून बैस. माफी माग. पोर तरी वाचेल."

"माफी? कशाची?"

"फुआतिनो, हळू..." सोलिना आजी म्हणाली. "ती ऐकतेय..."

"ऐकू दे की! तीस वर्षं पाणी मी घातलं. डुकरांचं खत पाठीवरून मी वाहिलं. वादळात बुंध्याला खुंट मी बांधला. ढेकूण पडला तेव्हा ही कुठे होती? एक तरी किडा वेचला का हिने?"

असं म्हणत तिने पोरीच्या कानामागचं फूल खसकन ओढलं. लानुओला किंचाळली आणि लुळी पडली. फुआतिनोने ते फूल स्वतःच्या कानामागे खोचलं, अंबाडा सोडला आणि बादली उचलली. आधी किनाऱ्यावर जाऊन ती भरून घेतली, मग झऱ्याची वाट धरली. तेवढ्यात सांजप्रार्थनेचा शंख वाजला. गाव आत गेलं. वाटेवर ती एकटी.

झऱ्याकाठी ओल्या राखेचा वास होता आणि त्यात जुन्या, खवट खोबरेल तेलाचा. घराघरांतून येणारं गाणं ऐकू येईनासं झालं. मग पाण्याची खळखळही थांबली. फुआतिनो झऱ्याकडे पाठ करून बुंध्याशी बसली. बादलीची कडी तिने मुठीत घट्ट धरली.

मागे ओली पावलं वाजली. गार बोटं तिच्या केसांत शिरली, हळूहळू बटा वेगळ्या करू लागली.

"माझं... झाड..."

"असेल तुझं. जगवलं मी."

"कापलंस..."

"कापलं म्हणून वाचलं. हात लावून बघ, डोळे फुगलेत. दोन-तीन महिन्यांत फुलेल, आधीपेक्षा जास्त. पण पोरीला नेलंस, तर या बादलीत समुद्र आहे. मुळाशी ओतेन. उद्या आणखी एक, परवा आणखी एक. इथे गवताची काडी उगवू देणार नाही."

बोटं आवळली. तिची मान मागे खेचली गेली, इतकी की वरचं आभाळ दिसलं. डोळ्यांतून पाणी आलं. कडीवरची मूठ तिने सोडली नाही.

मग बोटं सैल झाली.

"पाणी... कोण घालणार?"

"मीच. आजवर कोण घालत होतं?"

"तू... मेल्यावर...?"

"तेव्हा तुझं तू बघ. तुझे हात काय मोडलेत?"

खळखळ परत सुरू झाली आणि बोटं गेली. फुआतिनो उठली. परतताना तिने बादली जिथून भरली तिथेच रिकामी केली.

घरी लानुओला उठून बसली होती, नारळाच्या दुधात शिजवलेला तारोचा कंद खात. "आई, शंख वाजून गेला की! कुठे होतीस?" फुआतिनोच्या कानामागचं फूल आता मिटून चिपाड झालं होतं.

इलिसा मात्र तिच्या पाठीकडे बघत होती. "वहिनी... तुझी वेणी कुणी घातली?"

फुआतिनोने हात मागे नेला. कमरेपर्यंत घट्ट, ओली वेणी. इलिसाने दिवा जवळ आणून ती सोडवली. फुआतिनोचे केस नवरा गेल्यापासून पांढरेफटक झालेले. वेणीचे दोन पेड तसेच पांढरे निघाले. तिसरा काळा होता. सुटल्यासरशी तो अख्खा इलिसाच्या हातात आला, हातभर जास्त लांब, पाणी गळणारा. इलिसाने लानुओलाकडे पाहिलं. तिचा अंबाडा जागच्या जागी होता, कोरडा.

"जाळ... जाळून टाक हे!"

"कशाला?" फुआतिनोने तो पेड घेतला, धुतलेल्या कपड्यासारखा पिळला आणि खांबावरच्या खुंटीला टांगला. "सकाळी पाणी घालायला जायचंच आहे, वन्सं. तिचं तिला परत देईन."