बारा तास उपाशी

झुंबरमावशीच्या फ्रीजवर, देवीच्या फोटोशेजारी, तिची रक्तपत्रिका चिकटवलेली होती. हिरवी. म्हणजे पुढची दहा वर्षं निर्धोक.

आता अशी पत्रिका घरोघरी असे. वाढदिवसाच्या आठवड्यात बोटाचा एक थेंब कागदी पट्टीवर टिपून पोस्टात टाकायचा. पंधरा दिवसांत पत्रिका घरी. हिरवी आली की शेजारी पेढे, पिवळी आली की पथ्य, तांबडी आली की त्याच दिवशी जिल्ह्याचं इस्पितळ. सोयरीक जुळवताना लोक जन्मपत्रिकेआधी हीच मागू लागले होते.

शैलजाच्या आईलाही हिरवीच आली होती, चैत्रात. श्रावणात ती हृदय निकामी होऊन गेली. मधल्या काळात दोनदा तिनं फोनवर सांगितलं होतं, जिना चढताना धाप लागते म्हणून. "पत्रिका स्वच्छ आहे ना? मग वय झालं म्हण," असं शैलजाच म्हणाली होती. आईनं ते मानलंही. ज्या अभ्यासातून या पत्रिका निघत, तिथंच तर लेक संख्याशास्त्रज्ञ होती.

"वाळलीस गं," विळीवर भेंड्या चिरता चिरता मावशी म्हणाली. "पुण्यात खायला घालत न्हाईत का? का नुसतंच लोकांचं रक्त पितीस?"

"आपल्या गावाचं सगळ्यात जास्त," शैलजा म्हणाली. "तेच विचारायला आलेय."

आईला सगळे इंदूसिस्टर म्हणत, आणि झुंबरमावशी तिच्या हाताखालची आशा कार्यकर्ती. नऊ वर्षांपूर्वी सुरू केलेल्या शिबिरांत या दोघींनी बालाघाटच्या पायथ्याच्या अठ्ठावीस गावांतून अकरा हजार बायकांचं रक्त गोळा केलं होतं. रक्तात शेकडो बारीक अंश फिरत असतात, अन्न पचताना, चरबी जळताना मागे राहिलेले. अभ्यासात त्यांना चयांश म्हणत. आजार दिसायच्या कितीतरी आधी चयांश बदलतात, पण तो बदल ओळखायला एका देशाची माणसं पुरत नाहीत. म्हणून बारा देशांनी आपापले नमुने एकाच गणितात घातले. खाणंपिणं जागोजागी वेगळं. तेव्हा प्रत्येक थेंब त्या त्या मुलखाच्या सरासरीशी ताडून पाहायचा, असं ठरलं. इथल्या बायकांची सरासरी त्या अकरा हजार नळ्यांतून आली होती.

"मावशी, इथल्या बायकांच्या रक्तात कीटोन फार दिसतात, पुरुषांच्या नाही. अन्न मिळालं नाही की शरीर चरबी जाळतं, तेव्हा ते वाढतात. शिबिराला बायका किती वेळ उपाशी असायच्या?"

"बारा तास. फॉर्मवरच होतं. किमान बारा तास उपाशी, होय का नाही. मीच खुणा केल्यात."

"बाराच?"

मावशीनं विळी आडवी केली. "पहिल्या साली कोण येतंय उपाशी? पाच वाजता च्या प्यायचा न् म्हणायचं, काय खाल्लं न्हाई. च्या म्हंजी काय खाणं हाय व्हय? निम्म्या नळ्या वरच्यांनी फेकून दिल्या. मग इंदूनं डोकं चालवलं. म्हणाली, झुंबर, उपाशी राहा म्हणून आपण कशाला सांगायचं? देवी सांगतीच की."

मावशीनं दाराबाहेर देवळाच्या दिशेनं बोट केलं.

"देवळामागं मांडव टाकला. नवरात्रात, सहाव्या-सातव्या माळेला. पहाटं बायका अनवाणी यायच्या, दर्शन घ्यायच्या न् हात पुढं करायच्या. एक नळी वाया गेली न्हाई."

"नऊ दिवसांचा उपास, मावशी."

"कडक. कुणी नुसत्या दुधावर, कुणी दोन लवंगांवर. मग? बारा तास उपाशी होत्याच की."

होत्याच. फॉर्मनं त्यापुढं काही विचारलंच नव्हतं. एखाद्या मुलखातल्या बायका आठवडाभर सगळ्या मिळून उपाशी असतील, हे बारा देशांच्या समितीत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शिवाय ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येकीची तारीख थोडी मागेपुढे सरकवलेली. नवरात्र त्यात विरून गेलं होतं.

"त्यात बिघडलं काय?"

"हृदय थकायला लागलं की हेच कीटोन वाढतात. तीच पहिली खूण. पण गणिताला वाटलं, इथल्या बायकांचं रक्त मुळात असंच असतं. आईनं चैत्रात थेंब पाठवला तेव्हा ती पोटभर जेवत होती, मावशी. तरी तिचे कीटोन उपास करणाऱ्या बाईइतके होते. गणित म्हणालं, ठीक आहे, चारचौघींसारखीच आहे."

मावशीनं चिरलेल्या भेंड्या ताटात ओढल्या. "म्हंजी तिच्याच मांडवानं…"

"हो."

"तिनं कुणाला फसवलं न्हाई, पोरी."

"मला माहीत आहे."

"तिचं बघून सहा जिल्ह्यांनी मांडव टाकले. कलेक्टरनं शाल दिली. आता तिचीच लेक लिहिणार, इंदूसिस्टरनं घोळ केला म्हणून?"

"गणितातून कुठल्या नळ्या वगळायच्या ते सांगितल्याशिवाय सरासरी बदलत नाही. आणि ते सांगितलं की शिबिरप्रमुखाचं नाव येतंच."

"मग थांब की वर्सभर. तिचं वर्सश्राद्ध तरी होऊ दे."

शैलजाच्या मनात नेमकं तेच आलं होतं. आज ना उद्या दुसऱ्या कुणाला सापडेल, दुसरं कुणी लिहील.

मावशी ताट घेऊन उठली आणि दोन पावलांवर भिंतीला धरून थांबली. जोडव्यांच्या दोन्ही बाजूंनी बोटं फुगून आली होती. शैलजा खाली बसली. तिनं मावशीच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला; हृदय थकलं की पायांत असं पाणी साचतं.

"कधीपासून?"

"गौरी-गणपतीपासनं. त्यात काय, पत्रिका हिरवी हाय."

आईच्या पायांना असा हात लावून तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं आधी रुग्णवाहिका बोलावली. मग ओसरीवर बसून फोनवर समितीचा दुरुस्ती-अर्ज उघडला. अठ्ठावीस गावं, सहावी-सातवी माळ, उपास सहा ते सात दिवसांचा, मागाहून आणखी सहा जिल्हे. शिबिरप्रमुख: इंदुमती गवसाने. एवढं लिहून तिनं तो पाठवून दिला.

मावशी पिशवी भरून बाहेर आली, पायरीवर टेकली. "गेलं?"

"गेलं."

"माझ्यासारख्या किती असतील?"

"इथल्या बायकांच्या हिरव्या पत्रिका साडेचार लाख आहेत. त्यातल्या किती खोट्या, ते पुन्हा गणित मांडल्यावर कळेल. सगळ्यांना पत्र जाईल."

"न् ज्या गेल्या?"

शैलजानं तो आकडा अजून काढला नव्हता.

"पत्र त्यांच्याबी घरी पडंल," मावशी दम खात म्हणाली. "लेकरं फोडतील. नुसतं वाचून काय कळणार त्यांना? 'न्हाई' म्हणणाऱ्या बायकासुदिक आम्ही दोघींनी हाताला धरून नेल्या होत्या मांडवात. आता त्यांच्या दारात कोण जाणार गं, तू का मी?"