तुषाररावांचं विमान पडत नाही

तुषारराव गोडांबे यांचं विमान पडत नव्हतं, आणि त्या काळजीने त्यांची झोप उडाली होती.

ऐंशी वर्षांच्या माणसाला एवढी एकच काळजी असावी, यावरून २०६१ साली मिरजेत सगळं किती आलबेल होतं ते लक्षात येईल. औषधं वेळेवर हातात पडत, नळ स्वतःहून बंद होत, दूध कधी उतू जात नसे. हा सगळा कारभार 'सांभाळ' नावाची प्रणाली बघायची. पूर्वी संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम असायची, तिचीच ही नात. फरक एवढाच, की आजी एका खोक्यात गुमान राहायची आणि नात अख्ख्या घरात पसरली होती. भिंतीत ती, शेगडीत ती, आणि ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानातसुद्धा ती. कानात बसवायच्या त्या तांदळाएवढ्या यंत्राला कर्णिका म्हणत. गोडांबे नवरा-बायकोच्या चारही कानांत कर्णिका होत्या. त्या काढल्या तर दाराशी फटाका फुटला तरी दोघांना पत्ता लागत नसे.

तर विमान. ते खरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. १९९९ साली, म्हणजे तुषारराव नुसते तुषार होते तेव्हा, मिरजेच्या एका कॉम्प्युटर क्लासात विमान चालवायचा एक खेळ होता. खेळ म्हटलं की तुषाररावांना राग येई. त्याला सिम्युलेटर म्हणायचं. वारा, धुकं, इंधन, सगळं खऱ्यासारखं. एका तळ्याकाठी चिमूटभर धावपट्टी होती, आणि तिच्यावर छोटं विमान उतरवायचं होतं. तुषारने ते प्रत्येक वेळी तळ्यात घातलं. मागच्या बाकावर बसणारी प्राजक्ता एकदा म्हणाली, "सरक, बघू." तिने पहिल्या झटक्यात उतरवलं आणि वर म्हणाली, "तुझ्याने नाही व्हायचं." पुढे दोघांचं लग्न झालं, संसार झाला, मुलगी नांदेडला डॉक्टर झाली, पण ते वाक्य काही तुषाररावांच्या मनातून गेलं नाही. कारण प्राजक्ताबाईंनी ते जाऊच दिलं नाही. पोळी करपली, गाडी खड्ड्यात गेली, बँकेत सही चुकली, की ते वाक्य हजर.

मरायच्या आधी एकदा तरी ते विमान प्राजूच्या नाकासमोर, स्वतःच्या हाताने उतरवायचं, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. त्यासाठी त्यांनी माळ्यावरच्या स्क्रू-खिळ्यांच्या डब्यातून जुनी सीडी शोधून काढली. सांगलीच्या एका जुनाट वस्तूंच्या दुकानात ती वाचून घेतली, जॉयस्टिकची वायर कापून भिंतीला जोडून घेतली, आणि सिम्युलेटर 'सांभाळ'वर चढवला. विमान उडालं. धुक्यातून खाली आलं. लोण्यासारखं धावपट्टीवर टेकलं.

"वा, छान उतरवलंस," प्राजक्ताबाई म्हणाल्या.

तुषारराव तीन दिवस हवेत होते. चौथ्या दिवशी विमान उतरवताना त्यांना शिंक आली आणि जॉयस्टिक हातातून सुटून पलंगाखाली गेली. विमान तरीही लोण्यासारखं टेकलं.

त्यांनी तक्रार केली. "माझं विमान पडत नाही," अशी तक्रार कंपनीच्या इतिहासात कुणी केली नव्हती, त्यामुळे डॉक्टर इरा साळवी ही शास्त्रज्ञ बाई स्वतःच पुण्याहून आली. वय पस्तिशीच्या आतलं, कान तल्लख, कर्णिका नाही. संगणकाचे जुने कार्यक्रम नव्या प्रणालीवर चालवायची रचना तिनेच केली होती.

"आजोबा, तुमचा हा सिम्युलेटर मुळात इथे चालायलाच नको," ती म्हणाली. "सुरू झाल्याझाल्या तो विचारतो, साल कुठलं? २०६१ म्हटलं तर त्याचा जीवच जाईल, त्याचं कॅलेंडर तिथवर पोचतच नाही. शिवाय आजच्या वेगाने तो चालला तर तुमची पापणी लवायच्या आत विमान तळं ओलांडून पलीकडच्या राज्यात जाईल."

"मग चालतो कसा?"

"मधे एक थर आहे. आम्ही त्याला समजूत-थर म्हणतो. तुमच्या घरी कधी बापलेकांचा अबोला झाला होता का?"

"माझा आणि आमच्या दादांचा. चांगलं दीड वर्ष."

"मग मधे कोण होतं?"

"आई. दादा म्हणायचे, त्या गाढवाला विचार, पास होणार आहे का. आई मला येऊन सांगायची, दादा तुझ्या अभ्यासाची चौकशी करत होते."

"झालं. तोच समजूत-थर," इरा म्हणाली. "जुना कार्यक्रम विचारतो, साल कुठलं? थर सांगतो, एकोणीसशे नव्व्याण्णव, बाळा. तो विचारतो, सीडी घातली का? थर सांगतो, घातली हो. दोघांना एकमेकांचं खरं बोलणं सोसत नाही, म्हणून थर ते सोसेल असं करून पोचवतो."

"म्हणजे थापा मारतो."

"थापा नाही, आजोबा. समजूत घालतो."

मग तिने जॉयस्टिक आणि विमान यांच्यामधलं दळणवळण भिंतीवर उलगडून बघितलं. तुषारराव दांडी डावीकडे ओढत होते तेव्हा विमान नाकासमोर चाललं होतं. ते दांडी वर ओढत होते तेव्हा विमान अदबीने खाली येत होतं. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्याला धक्का बसेल असं काहीही थराने पुढे जाऊ द्यायचं नाही, असा नियम होता. खोट्या विमानाचा खोटा अपघात आणि खरा धक्का यातला फरक थराला कुणी शिकवलाच नव्हता.

इरा मोकळेपणाने म्हणाली, "आजोबा, राग मानू नका, पण तुमचा हात फारच कच्चा आहे. हे एकही विमान तुम्ही उतरवलेलं नाही."

तुषारराव लाजले. "थँक्यू," ते म्हणाले. "सवयीने येतं सगळं."

इरा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या कानातल्या कर्णिकेकडे गेली.

"सिम्युलेटरपुरताच थर बंद करून मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "अख्ख्या घराला थर एकच असतो. आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात तो अर्ध्या तासाच्या वर बंद ठेवता येत नाही, मग आपोआप चालू होतो. आजोबा, मला वाटतं, राहू द्या ना. उतरतंय तर उतरू द्या."

"बंद कर," तुषारराव म्हणाले.

इराने थर बंद केला, आणि दारावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तुषाररावांनी दांडी धरली. विमान एकदा डोलकाठीसारखं हललं, उलटं झालं आणि सरळ तळ्यात गेलं. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून एवढा मोठा आवाज आला की तुषारराव खुर्चीतून उठले.

"प्राजू, काय पडलं गं?"

"पडलं नाही, आपटलं," आतून उत्तर आलं. प्राजक्ताबाई हातात पातेलं घेऊन दारात आल्या आणि भिंतीवरचं तळं बघून म्हणाल्या, "पडलं ना? साठ वर्षांत काही फरक नाही. तुझ्याने नाही व्हायचं."

तुषाररावांचा चेहरा खुलला. किती तरी दिवसांनी हे वाक्य कानावर पडलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की खरंच, किती दिवसांनी?

"पण काल तर तू छान म्हणालीस."

"मी? काल मी म्हणाले, दिवसभर तेच तेच विमान उतरवून काय मिळतं, त्यापेक्षा पंखा पूस. तर तू म्हणालास, पुसतो हं राणी."

"मी जन्मात कुणाला राणी म्हटलेलं नाही."

"ते मलाही वाटलं," प्राजक्ताबाई जरा अडखळल्या. "पण ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून खोदून विचारलं नाही."

दोघांनी एकदमच इराकडे बघितलं. इरा म्हणाली, "कानाचा विभाग वेगळा आहे," आणि तिचं तिलाच ते उत्तर पटलं नाही.

'सांभाळ' बसवून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत या घरात एकही भांडण झालं नव्हतं. माणूस वयाने निवळतो, असं तुषारराव कट्ट्यावर चारचौघांत सांगत असत. ते भांडण आता साचलेल्या पाण्यासारखं धो धो बाहेर आलं. तुषाररावांनी सांगितलं, की उपम्यात मीठ कमी असतं हे आपण रोज सांगतो. प्राजक्ताबाईंनी सांगितलं, की तू रोज 'मस्त झालाय' म्हणतोस, म्हणून तर मी तो तसा करते, मला स्वतःला तो घशाखाली उतरत नाही. त्यांनी सांगितलं, की मी सहा वर्षं भांडी आपटतेय आणि तू मान वर करून बघत नाहीस.

"मला वाटलं तू नवी भांडी घेतलीस, आवाज न होणारी," तुषारराव म्हणाले.

"तुला काय, वाटतच असतं. आणि तुझी ती बहीण चार दिवस येऊन राहिली तेव्हा मी काय काय बोलले ते तरी ऐकू आलं का?"

"तू म्हणालीस, वन्सं आल्या की घर भरल्यासारखं वाटतं."

प्राजक्ताबाईंनी कपाळाला हात लावला. इरा खिडकीतून बाहेर बघू लागली. म्हातारा-म्हातारी मात्र रंगात आली होती. दोघांचे आवाज चढले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि मधूनच दोघं हसतही होती. सहा वर्षं आपण ज्या सालस माणसाबरोबर राहतोय तो भलताच कुणीतरी आहे आणि आपला माणूस हा असा समोर आहे, हे कळून दोघांना खरं तर बरंच वाटत होतं.

बोलता बोलता प्राजक्ताबाई खुर्चीत बसल्या. "सरक, बघू." पातेलं मांडीवर ठेवून त्यांनी दांडी धरली. तुषाररावांच्या बहिणीविषयीचं राहिलेलं बोलता बोलता त्यांनी विमान धुक्यातून खाली आणलं, तळ्यावरून तिरपं घेतलं आणि टेकवलं. लोण्यासारखं नाही, दोनदा आपटलं, एक चाक जरा बाहेर गेलं. पण उतरलं, धडधडीत उतरलं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "आणि तेही एका डोळ्याने."

"एका डोळ्याने म्हणजे?"

"म्हणजे काय? डावा गेला ना माझा. मार्चमध्ये डॉक्टरकडून आले तेव्हा सांगितलं की तुला."

तुषारराव उभ्या जागी खिळले. मार्चमधला तो दिवस त्यांना आठवत होता. ते स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात ती सीडी शोधत होते. प्राजू दारात येऊन म्हणाली होती, डोळे तपासून आले, सगळं उत्तम आहे. निदान त्यांना तसं ऐकू आलं होतं.

"मग मी काय म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"तू म्हणालास, काळजी करू नकोस, मी आहे." प्राजक्ताबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "मान वर केली नाहीस, पण म्हणालास. अख्खा पावसाळा मी त्या वाक्यावर काढला, तुषार."

तुषाररावांना आपण काय म्हणालो होतो तेही नीट आठवत होतं. ते म्हणाले होते, "बरं झालं, चहा टाक."

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण थर बंद होता, आणि प्राजू उजव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी खरं ते सांगून टाकलं. मांडीवरचं पातेलं प्राजक्ताबाईंनी उगाचच उलटं करून बघितलं.

तुषाररावांना स्वतःची मनापासून लाज वाटली. एवढं चांगलं वाक्य, आणि ते म्हणायला घरात भिंत लागली. ते खाली वाकले, गुडघे कटकन वाजले. बायकोचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून म्हणाले, "प्राजू, काळजी करू नकोस. मी आहे."

दारावरचा दिवा हिरवा झाला होता. वाक्याच्या आधी झाला की मधे, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

प्राजक्ताबाईंनी दिव्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. हे वाक्य त्यांनी आधीही ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत, याच आवाजात. त्या बोलू लागल्या.

"मला माहीत आहे," असं तुषाररावांना ऐकू आलं.

पण प्राजक्ताबाईंचे ओठ थांबले नाहीत. त्या बोलतच होत्या. मधे एकदा पंख्याकडे बोट दाखवलं, एकदा भिंतीवरच्या विमानाकडे, मग डावा डोळा झाकून काहीतरी बराच वेळ सांगितलं आणि शेवटी नवऱ्याच्या गालाला हात लावला. तुषारराव डोळे फाडून त्यांच्या ओठांकडे बघत होते. कानात फक्त छान शांतता होती.

बोलणं संपलं तेव्हा खिडकीशी उभी असलेली इरा डोळे पुसत होती. तिच्या कानात काही नव्हतं. प्राजक्ताबाई काय म्हणाल्या, ते घरात तिला एकटीलाच ऐकू आलं होतं.

"इरा, ऐकलंस ना तू?" तुषाररावांनी काकुळतीने विचारलं. "सांग मला. काय म्हणाली ती?"

इराने सांगितलं. एक शब्द न गाळता, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

तुषाररावांना ऐकू आलं, "छान म्हणाल्या."