खिडकीतले हात

गावच्या टीव्ही केंद्राला कोणी फारसं मोजत नसे आणि त्याच्यावाचून कोणाचं पानही हलत नसे. पाणी कुठल्या गल्लीत किती वाजता बंद, शाळेचा निकाल कधी, कोणाचं मांजर हरवलं, कोणाला चाव्यांचा जुडगा सापडला, सगळं दुपारी एकच्या बातम्यांत. थेट प्रक्षेपण, वीस मिनिटं. "मोठ्या वाहिन्या जगाचं सांगतात, आपलं केंद्र नळाचं सांगतं," असं म्हणून लोक हसायचे आणि एकला पाच कमी असताना मुकाट्याने टीव्ही लावायचे.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन असे. निळ्या कापडासमोर काळ्या सदऱ्यातली एक बाई त्यात हातांनी बातम्या सांगायची. गाव तिला खिडकीवाली म्हणायचं. तिला स्वतःला चांगलं खणखणीत ऐकू यायचं. आईबाबांना मात्र जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली. बाबा पुस्तकबांधणी करायचे, पण हृदयाने दगा दिल्यापासून घरीच असत. गावात ऐकू न येणारी अशी विसेक माणसं होती. अख्ख्या दिवसात त्यांच्या भाषेत गावाबद्दल कोणी काही सांगायचं ते एवढंच. वीस मिनिटं, तळहाताएवढ्या चौकोनात.

काम सोपं नव्हे हं. कानात बातम्या वाचणाऱ्याचा आवाज आणि हात त्याच्या मागे धावताहेत. मध्ये विचार शिरला की वाक्य हातचं गेलंच. म्हणून ती विचार करायचीच नाही. बातम्या संपल्यावर आज काय काय सांगितलं म्हणून विचारलं, तर तिला धड आठवायचंही नाही.

एका शनिवारी बाजारात शिंपीकाकांनी तिचा दंड धरून तिला थांबवलं. तेही त्या विसांतलेच, बाबांचे जुने दोस्त.

"तुझे आभार मानायचे होते," काकांचे हात म्हणाले. "मंगळवारी तू सांगितलंस, म्हणून बुधवारी त्याला भेटून आलो. तीस वर्षं दूध घातलं त्याने मला."

"कोणाला भेटलात?"

काकांनी तर्जनी दोनदा गालाला लावली. गालावरचा तीळ, म्हणजे दूधवाला. या मंडळींत नावं अशीच असतात, एकेका खुणेची. दूधवाला गुरुवारी सकाळी सायकलवरून उतरता उतरता गेला होता.

"काका, काहीतरीच काय! मी कुठे सांगितलं?"

काका तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. "आम्ही सगळ्यांनी बघितलं, पोरी. गुरुवारी जाणार म्हणालीस. मला वाटलं, आजारी असेल, दवाखान्याने केंद्राला कळवलं असेल."

केंद्रात प्रत्येक बातमीपत्राचं रेकॉर्डिंग महिनाभर ठेवत. सोमवारी तिने कॅमेरावाल्याला मंगळवारचं लावायला सांगितलं. वाचणारा पाइपलाइनच्या दुरुस्तीबद्दल वाचत होता. चौकोनात तिचे हात सांगत होते: पाइप, खोदकाम, पूर्वेकडचा रस्ता. मग तर्जनी गालाला दोनदा. दूध. गुरुवार. तळहात पालथा, म्हणजे जाणार. आणि पुन्हा खोदकाम, रस्ता, जसं काही झालंच नाही. चार सेकंद असतील नसतील. चेहरा शांत होता, बातम्या सांगताना असतो तसाच.

"काय चुकलं का?" कॅमेरावाल्याने विचारलं. त्याला त्या खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मला एवढं उतरवून द्या."

घरी बाबांनी ते तीनदा बघितलं. मग म्हणाले, "हे तुझे हात नाहीत. गुरुवार तू आईसारखा करतेस. हा गुरुवार आमच्या वसतिगृहातला आहे. मास्तरांना कळू नये म्हणून आम्ही सात-आठ पोरांनी तो काढला होता. त्यांतला आता मी एकटाच उरलोय."

"मग मला कोणी शिकवला?"

बाबांनी खांदे उडवले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तिने स्वतःची समजूत घातली. लहानपणी कधीतरी बाबांच्या हातांत पाहिला असेल. दूधवाला आजारी आहे असं कानावर आलं असेल. शहाण्या माणसाला कारणं काय, ढिगाने सापडतात. त्यांचा ढीग करून ती तीन आठवडे सुखात राहिली.

चौथ्या आठवड्यात तिच्या चौकोनात चाव्या करून देणारा म्हातारा आला. मनगट दोनदा फिरवायचं, ती त्याची खूण. त्याच्यापुढे सोमवार होता आणि पालथा तळहात. या वेळी काका धावत घरी आले, आणि रविवारीच खिडकीवाली त्यांना घेऊन म्हाताऱ्याकडे गेली.

"आजोबा, उद्या कुठे जाऊ नका. माझ्यासाठी एवढं करा."

"आता भविष्यपण सांगायला लागलीस का गं?" म्हातारा हसला. पण तिचं मन मोडवेना, म्हणून घरी बसला. सहा जण त्याच्याभोवती होते. जिना नाही, रस्ता नाही, विजेचं काही नाही. दुपारी चारला त्याने पाणी मागितलं. प्यायला, ग्लास नीट टेबलावर ठेवला, आणि मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. ग्लासाबाहेर एक थेंबही सांडला नव्हता.

त्यानंतर कोणी कोणाला अडवायच्या भानगडीत पडलं नाही. ती मंडळी आदल्या दिवशी नुसती जाऊन बसू लागली. स्टूल ओढून, गुडघ्याला गुडघा लावून, पंधरा-वीस मिनिटं. "आज कशी काय वाट चुकलात?" असं घरचे मोठ्याने ओरडून विचारायचे, जणू ओरडल्याने ऐकू येणार होतं. ही माणसं हसायची, समोरच्याचा हात कुरवाळायची आणि निघायची.

आणि खिडकीवाली रोज दोनला घरी येऊन चप्पल काढायच्या आधी विचारायची, "बाबा, आज मी काय म्हणाले?"

बाबांचं उत्तर येईपर्यंत ती उंबऱ्यातच उभी असायची. दोन बोटांनी कागद दुमडल्यासारखं करायचं, ही बाबांची खूण. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं केव्हाच सांगितलं होतं. एक दिवस आपलेच हात सगळ्या गावासमोर तो कागद दुमडणार, आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही, या भीतीने तिची झोप उडाली होती.

त्यात केंद्राच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वरून पत्र आलं होतं. पडद्याची नवी मांडणी होणार, उजव्या कोपऱ्यात हवामान येणार. "पुढच्या शुक्रवारी तुमचं शेवटचं, मॅडम. मलाही बरं वाटत नाही, पण खरं सांगायचं तर ती खिडकी बघतं कोण?"

एरवी ती भांडली असती, अगदी हमरीतुमरीवर आली असती. पण तिला सुटल्यासारखं वाटलं. खिडकी नाही तर हात नाहीत, आणि हात नाहीत तर कागद दुमडणार नाही. हे तिने मोकळ्या मनाने काकांना सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. "आम्हाला जन्मभर सगळं शेवटी कळतं. घरातली माणसं विनोदावर हसून मोकळी होतात, मग आम्हाला सांगतात. तेही सांगितलं तर! माझी बहीण गेली, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. कोणाच्या लक्षातच आलं नाही सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट आम्हाला आधी कळते. आम्हाला निरोप घेता येतो. आणि तुला सुटल्यासारखं वाटतं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, त्यांना दुसरं काही नाही हो."

"खाली पट्टी असेल ना. वाचतील की."

"निम्म्यांना कोणी वाचायला शिकवलंच नाही. त्यांच्या सह्या बघा, अंगठे आहेत."

साहेबांनी अर्ज उलटसुलट केला. वर पाठवतो म्हणाले. पाठवलाही असेल. उत्तर आलं नाही.

शुक्रवार आला. शेवटचं बातमीपत्र झालं. पाणीकपात, वाचनालयाची नवी वेळ, एक हरवलेली छत्री. कॅमेरावाल्याने दिवे मालवले, तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "संपलं बघा. आता हवामान."

दोनला ती घरी आली.

"बाबा, आज मी काय म्हणाले?"

बाबा खिडकीपाशी बसले होते. हात मांडीवरून उचलायला त्यांना वेळ लागला. "बातम्या," ते म्हणाले. "नुसत्या बातम्या."

आई भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती.

खिडकीवालीने ओळखलं. कागद दुमडला असणार. तिने बाबांच्या पायाशी बसकण मारली आणि त्यांचा हात गालाशी घट्ट धरला. रडायचं नाही, असं तिने ठरवलं. बाबांनी बघितलं तर त्यांना कळेल की तिला कळलं.

दारावरचा लाल दिवा लागला. त्या घरात घंटेचा उपयोग नव्हता. बाहेर बटण दाबलं की आत दिवा लागायचा.

काका होते. मागे त्यांची बायको. मग इस्त्रीवाली. मग तिचे दोघे भाऊ. दिवा लागत होता, दार उघडत होतं, चपलांचा ढीग वाढत होता. सगळी आत येऊन भिंतीला टेकून उभी राहत होती. एरवी ही माणसं एकत्र आली की खोलीभर हातांची नुसती धांदल असायची. आज एकही हात हलत नव्हता.

ती उठून बाजूला झाली. बाबांजवळ जागा केली. निरोप घ्यायला आलेत, घेऊ द्या.

काकांनी स्टूल ओढलं. बाबांच्या समोरून ओढत पुढे नेलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

ते बसले. त्यांचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला.

तिने वर बघितलं. बाबांकडे कोणीच बघत नव्हतं. बाबासुद्धा तिच्याचकडे बघत होते.

इस्त्रीवालीने तिच्या गालावरून हात फिरवला. हात गरम होता.

"कधी?" म्हणून विचारायला तिने हात उचलले. आईने पुढे येऊन ते दोन्ही हात आपल्या मुठीत धरले आणि छातीशी दाबले. तिने ओढले. आई सोडेना.

काहीतरी करायला हवं, म्हणून ती डोकी मोजू लागली. गावात ऐकू न येणारी माणसं आईबाबा धरून तेवीस. खोलीत तेवीस होती. एकही यायचं राहिलं नव्हतं.

दारावरचा दिवा लागला.

सगळ्यांनी दिव्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. दार उघडायला कोणी उठलं नाही.

त्या खोलीत ऐकू येणारी ती एकटीच होती. तिने कान दिला. बाहेर पाऊल वाजत नव्हतं, श्वास वाजत नव्हता.

बटण दाबून सोडलं की दिवा विझायचा. तो विझला नाही.