स्पंदानंतरचा चेहरा

इंदुमती वाळुंज यांचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी डॉ. दिगंबर खैरनारांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र प्रयोगशाळेतल्या त्यांच्या टेबलावर काचेखाली होतं. बाई निवृत्त शिक्षिका. अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं, कप ठेवूनही न झाकलं जाणारं.

पत्रात तक्रार नव्हती, तेच अवघड होतं. बाईंचे पती रामकृष्णराव एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मेंदूला इजा झाल्यापासून बायकोचा आवाज त्यांना ओळखू येई, पण ती समोर आली की परकी वाटे. ‘मी शेजारून फोन केला की “अगं, किती उशीर!” म्हणून खेकसतात,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘मग मी दारातून आत येते आणि ते उठून मला खुर्ची देतात. जेवण छान झालं म्हणतात. चाळीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते. सर, मला माझा खेकसणारा माणूस परत हवा आहे. आणखी काही करता येईल का, तेवढं कळवा.’

नेमकं तेच खैरनारांना माहीत नव्हतं.

उपचाराची कल्पना त्यांचीच. चेहऱ्याची ठेवण ओळखणारा भाग रामकृष्णरावांच्या मेंदूत शाबूत होता. तिथून ‘हे आपलं माणूस’ ही भावना जागवणाऱ्या केंद्राकडे जाणारी वाट तुटली होती. कवटीबाहेरून चुंबकस्पंद दिला की ती वाट जरा वेळ उघडे, आणि तेव्हा दिसेल तो चेहरा तिच्यावर ठसे. इतक्या जखमी वाटेवर एकच चेहरा टिकणार होता. नवा ठसला की जुना पुसला जाणार. पण एक पुरेसा होता. साठ बैठका झाल्या. पडद्यावर बाईंचं छायाचित्र, लगेच स्पंद. शेवटी मेंदूच्या स्कॅनरमध्ये रामकृष्णरावांना तेच छायाचित्र दाखवलं, तर भावनेचं केंद्र काळोखातच.

चार महिने खैरनार स्पंदाची जागा, जोर, गणित तपासत होते. सगळं बरोबर यायचं आणि म्हणूनच ते आणखी वैतागायचे.

“माझं मूळ गृहीतकच चुकलंय,” त्या सकाळी ते म्हणाले. “मला हे जमायचं नाही.”

“सर, हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकते,” त्यांची सहकारी डॉ. रुक्साना तांबोळी म्हणाली. “रेकॉर्ड करून ठेवा, तुमचेही कष्ट वाचतील. आधी हे बघा.”

तिने स्वतःची एक चूक सांगितली. तुलनेसाठी अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं कमी पडली, तेव्हा तिने प्रयोगशाळेतल्या लोकांच्या ओळखपत्रांवरची त्यांत मिसळली होती. त्या सगळ्यांची सरासरीच काढली जायची. काल तिने एकेक चेहरा सुटा केला. एका चेहऱ्याला केंद्र लख्ख उजळलं होतं. खैरनारांच्या.

“कृतज्ञता असेल,” ते पुटपुटले.

“मीही रोज तिथेच होते. माझ्या चेहऱ्याला अंधार आहे.” तिने वेळेची रेघ दाखवली. “वाट स्पंदासरशी नाही, दोन सेकंदांनी उघडत होती. तेव्हा पडदा कोरा असायचा. आणि तुम्ही काय करत असायचात?”

खैरनारांना सांगायची गरज नव्हती. माणसांशी काय बोलावं हे त्यांना कधी सुचत नसे. एक प्रश्न मात्र ते मनापासून विचारत. प्रत्येक स्पंदानंतर पेशंटवर वाकून, “दुखलं नाही ना?” साठ बैठका, प्रत्येकीत चाळीस वेळा.

उपचारांच्या शेवटच्या आठवड्यात रामकृष्णराव त्यांच्यावरच खेकसायला लागले होते. “किती वाळलास रे! वेळेवर जेवत जा की!” खैरनारांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. एकट्याच्या घरी जेवायला बसल्यावर ते वाक्य त्यांना रोज आठवे. आपण इतके कुणाला आवडलो, याचंच नवल वाटे. ते नवल त्यांनी एकदाही तपासून पाहिलं नव्हतं.

त्यांनी कागद ओढला. पहिली तीन पत्रं फाडली. तिन्हींत क्षमायाचनाच जास्त होती.

“फोन करा ना सर,” तांबोळी म्हणाली.

“फोनवर मी नीट सांगू शकणार नाही.”

‘त्यांना सोमवारी घेऊन या,’ त्यांनी लिहिलं. ‘छायाचित्र लागणार नाही. माझ्या जागी तुम्ही बसायचं आणि प्रत्येक स्पंदानंतर वाकून त्यांना विचारायचं, दुखलं नाही ना. मी खोलीत नसेन. तुमच्या जागी माझा चेहरा बसला आहे. चूक माझी होती. उत्तराला उशीर झाला, तीही.’

तांबोळीने खांद्यावरून वाचलं. मग हळूच म्हणाली, “पुन्हा भेटलात तर ते तुम्हाला ओळखणार नाहीत.”

“ओळखतील. डॉक्टर म्हणून.”

त्यांनी पाकीट चिकटवलं, पत्ता दोनदा तपासला, आणि कुणाच्या हाती न देता स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.