खडकाला वळसा

वर्ना ट्वेटच्या अंगणात पाऊल टाकलं आणि वेंडेल कोपच्या बुटात खडा गेला. फुलांच्या वाफ्यात वासराएवढा एक करडा दगड होता. त्यावर बसून तो बूट काढू लागला.

"अहो, त्या पोरावर नका बसू!" मागून कोणीतरी हसत ओरडलं. "त्याची आई अजून शेतात निजलीय. तिला कळलं तर खैर नाही."

दालचिनीच्या पावांचा डबा काखेत मारून एक दणकट म्हातारा येत होता. वर्नाचा धाकटा भाऊ, ऑरिन स्लेटन. वेंडेलही हसला. त्याच्यासोबत आलेली मार्लिस टीगन मात्र दगडाकडे क्षणभर बघत राहिली आणि आत गेली.

मार्लिसने वीस वर्षं पीकविम्याचे खोटे दावे उकरून काढले होते. आता ती स्वतंत्रपणे तपास करायची. बियाणं विकून निवृत्त झालेला वेंडेल तिची गाडी चालवायचा आणि बहुतेक वेळा चुकीचे अंदाज बांधायचा.

वर्नाबाई शहात्तर वर्षांच्या. नवरा लाइल वारून सहा वर्षं झाली होती.

"वडिलांची ऐंशी एकर," त्या कॉफी ओतत म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी एकराला बारा हजार सहाशे डॉलरचा भाव लागला होता. आता ईशान्येच्या तीस एकरांत दोन वर्षं वसंतात तळं साचतंय. परवा एका वकिलाकडून मागणी आली. आठ हजार चारशे. घेणारा कोण, ते सांगत नाहीत."

"देऊन टाक म्हणतोय मी," ऑरिन म्हणाला. "जमीन थकलीय, वर्ना. तूही थकलीस. किती दिवस ओढणार?"

"लाइलने जमिनीखाली घातलेली निचऱ्याची नळी पन्नास वर्षं चालली. ती एका हिवाळ्यात कशी थकेल?" वर्नाबाईंनी टेबलावर जुना नकाशा पसरला. शेताच्या वरच्या टोकापासून ओढ्यापर्यंत पेन्सिलीची सरळ रेघ होती. "मला वाटतं, कोणीतरी मुद्दाम बुजवलीय."

"तुम्ही होता का नळी घालताना?" मार्लिसने ऑरिनला विचारलं.

"मी? छे! चौऱ्याहत्तरचा तो अख्खा उन्हाळा मी शहरात कत्तलखान्यात राबत होतो. लाइलने एकट्यानं केलं सगळं."

"मी तेव्हा बाळंतपणाला सासूकडे होते," वर्नाबाई म्हणाल्या. "परत आले तर चर बुजलेलेसुद्धा होते."

मे महिना होता. दोघं शेतात गेले. पेन्सिलीच्या रेघेवर बरोबर मध्यावर एक उघडा खड्डा होता. काळी-पिवळी माती शेजारी एकत्र ढिगाला लागली होती. तळाशी नळीचा पत्ता नव्हता.

"सापडला चोर!" वेंडेल म्हणाला. "एवढा खणलाय म्हणजे—"

"म्हणजे त्याला नळी सापडली नाही, वेंडेल."

मार्लिस पाण्याच्या कडेकडेने चालत राहिली. तळं एका जागी एकदम संपत होतं. त्याच्या खालच्या अंगाला ओढ्यापर्यंत जमीन कोरडी होती. तिथे, नकाशातल्या रेघेपासून साठ पावलं पूर्वेला, गवताच्या पट्ट्यात एक लांबट चौकोन बोटभर खचलेला होता.

"खण," ती म्हणाली.

वेंडेलने घाम गाळला. वर हातभर काळी माती, खाली पिवळी चिकणमाती. दोन्ही रंग कुठेही मिसळलेले नव्हते. खड्ड्याच्या बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. तळाशी मातीची भाजकी नळी फोडलेली होती, आणि तिच्यात सिमेंटने भरलेलं पोतं ठासलेलं होतं.

"आता होतं तसं बुजव. आणि कोणापाशी बोलू नकोस."

वर्नाबाईंची जमीन खंडाने कसणारा कर्ट बेमर यंत्राच्या दुकानाबाहेर भेटला. विचारताच तो उसळला.

"उघडा खड्डा माझाच! वर्नाबाईंनी नकाशा दिला, म्हटलं दुरुस्त करून बघू. मी खंड ऐंशी एकरांचा भरतो, बाई, आणि मका पन्नास एकरांतच येतो. स्वतःच्या ताटात माती कालवू का मी?"

"पण भाव पडला तर तुम्हीच विकत घ्याल," वेंडेल म्हणाला.

"आठ हजारांनी? मला आठशेनेही परवडायची नाही. मेहुण्याच्या जुन्या ट्रॅक्टरवर पेरतो मी."

रस्त्यापलीकडचा रस हॅगन तीन हजार एकरांचा धनी. त्याने शांतपणे टोपी मागे सरकवली.

"माझ्यावर संशय येणारच. मोठा मासा ना मी! पण हिशेब करा. शेजारची जमीन आठ हजारांना गेली की उद्या माझ्या जमिनीचं मोल ठरवणारा तोच आकडा धरणार. तीन हजार एकरांवर चार-चार हजार गेले. ऐंशी एकर स्वस्तात मिळवायला एवढं कोण घालवेल? ती जमीन लिलावात आली तर मी तेरा हजारांपर्यंत बोलेन. वर्नाला सांगा तसं."

ऑरिनला भेटायला ते चर्चमागच्या दफनभूमीत गेले. तिथली देखभाल आणि कबरी खणणं त्याच्याकडेच होतं. शेजारी त्याचं छोटं घर होतं आणि घरापुढे 'विकणे आहे'ची पाटी. ऑरिन गुडघाभर खड्ड्यात उभा होता. काठावर ताडपत्री अंथरलेली. तिच्या एका टोकाला काळी माती, दुसऱ्या टोकाला पिवळी.

"घर विकताय?" मार्लिसने विचारलं.

"एकट्याला कशाला एवढं?" तो घाम पुसत म्हणाला. "त्या कर्टला धरा तुम्ही. पोरगा गोड बोलतो, पण पोटात काय आहे कुणास ठाऊक."

परतताना वेंडेल म्हणाला, "रस हॅगनच. श्रीमंत माणूस हिशेब फार लवकर सांगतो."

मार्लिसने त्याला फक्त शनिवारी सगळ्यांना वर्नाबाईंकडे बोलवायला सांगितलं. आपला अंदाज पुन्हा चुकलाय, हे खरं तर तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी वर्नाबाईंच्या स्वयंपाकघरात कर्ट, रस आणि ऑरिन टेबलाभोवती बसले. मार्लिस खिडकीपाशी उभी राहिली.

"नळी बुजवलेली आहे आणि ती आम्हाला सापडली," ती म्हणाली. "पण नकाशा सांगतो तिथे नाही. साठ पावलं बाजूला. नकाशा चुकीचा आहे हे कर्टला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने रेघेवर खणलं. रसचं तर भाव पडण्यात नुकसानच होतं. मग नळी वळलीय हे कोणाला माहीत होतं? जो चर खणताना तिथे होता, त्याला."

"लाइल एकटा होता," ऑरिन म्हणाला.

"वर्नाबाई, अंगणातला दगड कुठून आला?"

"लाइलने आणला, कुठूनसा. विचारलं की नुसता हसायचा."

"म्हणजे ते तुम्हालाही माहीत नाही. पण ऑरिन, पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, हे पोर आहे, याची आई अजून शेतात निजलीय. दगड चरात लागला. तो काढला तर खाली त्याहून मोठा खडक. तो हलेना, म्हणून नळीला वळसा घातला; नकाशा मात्र आधीचाच राहिला. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शहरात राबणाऱ्या माणसाला खाली निजलेला खडक कसा दिसला?"

ऑरिनने कपाकडे बघितलं.

"लाइलने सांगितलं असेल."

"बायकोला नाही सांगितलं, आणि तुम्हाला सांगितलं? बरं, तसं धरू. मग खड्डा बघा. बाजू सरळ, पिवळी माती खाली, काळी वर. भाडोत्री माणूस माती अशी वेगळी ठेवत नाही. कर्टनेही ठेवली नाही. हे त्याचं काम, जो आयुष्यभर असेच खड्डे खणत आलाय. आणि ज्याला ती जमीन नासवायची नव्हती. त्याला ती हवी होती. त्यासाठी त्याने घरही विकायला काढलंय."

कर्टची खुर्ची करकरली. वर्नाबाई भावाकडे वळल्या.

"वकिलामागे तू आहेस?"

ऑरिनने कप दूर सारला. मग म्हणाला, "बाबांनी ती जावयाला दिली. मला नाही. मी मुलगा असून. पन्नास वर्षं त्या कुंपणावरून जातोय मी. बारा हजारांनी मला जन्मात मिळाली नसती, वर्ना. घर विकून, कर्ज काढून आठपर्यंत जेमतेम पोचत होतो."

"दोन वर्षं दर रविवारी पाव घेऊन आलास. माझ्या शेजारी बसून त्या तळ्याकडे बघितलंस. माझा हात धरलास."

"मागितली असती तर दिली असतीस?"

"नाही," वर्नाबाई म्हणाल्या. "नाही म्हणाले असते. भांडलो असतो. वर्षभर बोललो नसतो. पण माझा भाऊ मला राहिला असता."

पोलिसांत जायचं का, असं रसने हळूच विचारलं. वर्नाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"उद्या सकाळी, ऑरिन. तू बुजवलीस, तूच उघडायची. मी उभी राहून बघणार."

सकाळी वारा बोचरा होता. ऑरिनने ताडपत्री अंथरली आणि सवयीने काळी माती एका टोकाला, पिवळी दुसऱ्या टोकाला टाकत तो छातीएवढा खोल गेला. छिन्नीचे घाव तासभर चालले. मग सिमेंट फुटलं आणि जमिनीच्या पोटात गडगडल्यासारखा आवाज झाला. पाणी त्याच्या बुटांवरून उसळून ओढ्याकडे धावलं.

तो चिखलाने माखला होता. वर यायला म्हणून त्याने हात पुढे केला, सरळ बहिणीकडे. लहानपणापासूनची सवय असावी.

वर्नाबाईंचे हात कोटाच्या खिशातच राहिले.

वेंडेलला ते बघवेना. शेवटी त्यानेच पुढे होऊन म्हाताऱ्याला वर ओढलं. ऑरिन काठावर धापा टाकत बसला. बहिणीकडे बघायचं धाडस काही त्याला झालं नाही.

"फुटलेल्या जागी नवी नळी बसवून माती नीट भर," वर्नाबाई म्हणाल्या. "नोव्हेंबरात लिलाव ठेवतेय. लोक बघायला येतील."

आणि कुंपणाच्या कडेने त्या एकट्याच घराकडे चालू लागल्या.